श्वासाची साक्ष

मराठी घरात 'पित्त' हा शब्द जितका राबविला जातो तितका दुसरा कोणताही वैद्यकी शब्द राबत नसेल. डोके दुखले तर पित्त झाले. अंगावर गांधी उठल्या तर पित्त उठले. जेवणानंतर छातीत जळजळले तर पित्त वाढले. आणि एखादा गृहस्थ कारणावाचून कातावू लागला तर त्याची प्रकृतीच पित्ताची ठरली. एका शब्दात इतकी दुखणी मावली की त्यांतील प्रत्येकाचे कारण निराळे शोधण्याची गरज कोणास वाटेनाशी होते. या गर्दीत एक दुखणे असे आहे की, ज्याने शेकडो वर्षे माणसांना रात्री झोपू दिले नाही, ज्याच्यासाठी हजारोंची पोटे चिरली गेली, आणि ज्याचे खरे कारण १९८२ सालापर्यंत जगातील मोठमोठ्या पंडितांनाही उमगले नव्हते. ते दुखणे म्हणजे जठराचा व लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाचा व्रण. बोलण्यात आपण त्याला अल्सर म्हणतो.

या व्रणाचे कारण कसे सापडले, आणि ते आज रोग्याच्या नुसत्या श्वासावरून कसे ओळखता येते, हा आमच्या आजच्या विवेचनाचा विषय आहे. हा इतिहास ट्युरिन, केंब्रिज, मुंबई आणि पर्थ अशा दूरदूरच्या ठिकाणी घडला. परंतु त्याचा जमाखर्च अखेर आपल्या जिल्ह्यातल्या, पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीसारख्या गावातल्या माणसाच्या पदरी काय पडले यावरच मांडला पाहिजे, असे आम्हांस वाटते. म्हणून त्या गावाकडे आम्ही शेवटी येणारच आहोत.

प्रथम आपल्या पूर्वजांचे ऋण मान्य केले पाहिजे. माधवकराच्या 'माधवनिदान' या ग्रंथात अम्लपित्ताचा स्वतंत्र अध्याय आहे. आणि शूलाच्या प्रकरणात 'परिणामशूल' नावाचे दुखणे सांगितले आहे. अन्न पचत असताना जे पोट दुखते ते परिणामशूल. आजच्या डॉक्टरास रोग्याने सांगितले की, "जेवले की बरे वाटते, पण दोन-तीन तासांनी दुखू लागते", तर त्याच्या मनात आतड्याच्या व्रणाचा संशय येतो. त्या प्राचीन वैद्याने दुखण्याची वेळ पाहून त्याला नाव दिले, हे त्याच्या निरीक्षणशक्तीचे गमक आहे. पण पोटाच्या आत काय घडते हे पाहण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते, आणि त्यानंतर हजार वर्षे ते कोणापाशीही नव्हते.

पाहण्याचे साधन निर्माण झाले ते एकोणिसाव्या शतकात, आणि ते रोग्याच्या दृष्टीने काही सुखाचे नव्हते. १८६८ साली जर्मनीत कुसमाउल या वैद्याने एका तलवार गिळणाऱ्या कसरतपटूच्या घशातून सरळ नळी उतरवून त्याचे जठर पाहिले. तलवार गिळण्याची सवय असलेला माणूसच या परीक्षेस टिकणार, हे त्यास ठाऊक होते! पुढे नळ्या लवचीक झाल्या. १९५४ साली मूळच्या पंजाबातील नरिंदरसिंग कपानी यांनी हॉपकिन्स यांच्यासह लंडनमध्ये काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाकड्या वाटेने नेऊन दाखविली, आणि १९५७ साली हिर्शोविट्झ यांनी त्या तत्त्वावर केलेली जठरदर्शक नळी प्रथम स्वतः गिळून पाहिली. आज आपण ज्या तपासणीस एंडोस्कोपी किंवा बोलीभाषेत 'दुर्बीण घालणे' म्हणतो तिची ही वंशावळ आहे. ही तपासणी उत्तम आहे, आवश्यकही आहे. तथापि उपाशी पोटी, घसा बधिर करून नळी गिळण्याचे नाव काढले की पुष्कळ माणसे "आता बरे वाटते हो" असे म्हणून दवाखान्यातून काढता पाय घेतात, हेही तितकेच खरे आहे.

नळीतून व्रण दिसला, पण त्याचे कारण दिसले नाही. कारण आधीच ठरून गेले होते. १८२४ साली प्राउट या इंग्रज वैद्याने जठरात मिठाचे तीव्र अम्ल, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड असते हे दाखवून दिले होते. १९१० साली श्वार्ट्झ याने सूत्र बांधले की, अम्ल नाही तेथे व्रण नाही. सूत्र चुकीचे नव्हते. परंतु त्यावरून 'अम्ल हेच व्रणाचे मूळ' असा जो अर्थ सर्वांनी काढला त्याने पाऊणशे वर्षे विचाराची वाट अडवून धरली. १९१५ पासून अमेरिकेतील सिप्पीच्या पथ्याप्रमाणे रोग्याला तासातासाला दूध व साय पाजण्यात आली. त्याने भागले नाही तेव्हा शस्त्रवैद्यांनी जठराचा अर्धाअधिक भाग कापून काढला, किंवा अम्ल सोडण्याची आज्ञा नेणारी मज्जातंतूची शिर छाटली. १९७६ साली सिमेटिडीन हे अम्ल कमी करणारे औषध बाजारात आले, तेव्हा व्रण भरून येऊ लागले आणि शस्त्रक्रिया झपाट्याने कमी झाल्या. पण गोळ्या बंद केल्या की व्रण पुन्हा उघडे. रोगी बरा होत नसे. तो गोळीच्या भाड्याने बरेपणात राहत असे.

या काळात रोग्यावर एक अन्यायही झाला, आणि तो आम्हांस सर्वांत जड वाटतो. अम्ल वाढते का, तर हा माणूस चिडतो, चिंता करतो, तिखट खातो, चहा पितो, वेळेवर जेवत नाही. म्हणजे दुखणे त्याचेच, आणि दोषही त्याचाच. घरोघर सुनांनी भाजीतील मिरच्या मोजल्या, कर्त्या पुरुषांनी नोकरीतली बढती नाकारली, आणि एवढे करूनही पोट दुखतच राहिले तेव्हा "स्वभावाला औषध नाही" असा निकाल मिळाला. ज्याला जंतूने ग्रासले आहे त्याला त्याच्या स्वभावाबद्दल बोल लावणे यासारखा अन्याय दुसरा कोणता?

आपल्या देशात या प्रश्नाचा विचार अगदीच झाला नाही असे मात्र नाही. रेल्वेच्या वैद्यकीय खात्यातील डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६४ पासून भारतातील व्रणासंबंधी लेख प्रसिद्ध केले. पुढे मुंबईत पश्चिम रेल्वेचे ते प्रमुख वैद्यकीय अधिकारी होते. रेल्वेची नोकरी देशभर पसरलेली. पगार आणि काम सारखे, पण ताटातले अन्न प्रांतोप्रांती वेगळे. हा जणू आयताच मांडलेला प्रयोग होता. त्यांना दिसले की दक्षिणेकडील भात खाणाऱ्या नोकरांत व्रणाचे प्रमाण बरेच अधिक, तर पंजाबकडील गहू खाणाऱ्यांत ते कमी. त्यांनी अनुमान केले की, जाडे अन्न चावून खावे लागते, चावताना लाळ पुष्कळ सुटते आणि ती जठराचे रक्षण करते. १९७८ साली त्यांनी मुंबईहून असेही प्रसिद्ध केले की, व्रण भरून आलेल्या रोग्यांत कोंड्यासह गहू खाणाऱ्यांचा व्रण भात खाणाऱ्यांपेक्षा पुष्कळ कमी वेळा उलटतो. म्हैसूरच्या मिशन रुग्णालयात अनेक वर्षे शस्त्रवैद्य असलेले फ्रँक टोव्ही हेही अन्न आणि व्रण यांच्या अशाच मागावर होते. जंतूचा शोध लागल्यानंतर ही निरीक्षणे निकालात निघाली असे समजू नये. ती कोठे बसतात हे पुढे दिसेल.

आता या इतिहासातील सर्वांत विलक्षण भागाकडे वळू. जंतूचे साक्षीदार शंभर वर्षे एकामागून एक येऊन उभे राहत होते. त्यांची साक्ष एकत्र नोंदवून घेणारा मात्र कोणी नव्हता. १८९३ साली इटलीत ट्युरिन येथे बित्सोझेरो याने कुत्र्यांच्या जठरात मळसूत्रासारखे पिळदार जंतू पाहिले. १८९९ साली पोलंडमध्ये क्राकोच्या यावोर्स्की याने माणसाच्या जठरातील धुवणात तसेच जंतू पाहून त्यांचा रोगाशी संबंध असावा असे सुचविले. १९२४ साली केंब्रिजला मरे लक आणि टी. एन. सेठ या दोघांना, ज्यांतील सेठ हे भारतीय होते, अनेक प्राण्यांच्या जठराच्या अस्तरात युरियाचे विघटन करणारे 'युरिएझ' हे किण्व सापडले. किण्व होते, ते कोणाचे हे मात्र कळले नाही. ते जठराचेच असावे असे सर्वांनी धरले.

१९५४ साली तर दोन साक्षी एकाच वेळी उभ्या राहिल्या, आणि त्या परस्परविरुद्ध होत्या. इंग्लंडात कॉर्नबर्ग आणि डेव्हिस यांचे मांजरांवरील प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांनी किरणोत्सर्गी कार्बनची खूण असलेला युरिया वापरला, आणि जंतुनाशक औषधे दिली असता जठरातील युरियाचे विघटन थांबते असे त्यांस आढळले. म्हणजे ते किण्व जंतूंचे! पण त्याच वर्षी अमेरिकेत पामर याने हजाराहून अधिक माणसांच्या जठराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून जाहीर केले की, जंतू कोठेच नाहीत. आधीच्यांना दिसले ते बाहेरून मिसळलेले असणार. पामरने वापरलेल्या रंगात हे जंतू नीट उठून दिसत नाहीत, त्यांना चांदीचा रंग द्यावा लागतो, हे तेव्हा कोणी लक्षात घेतले नाही. रसायनशास्त्रज्ञ मांजरांशी बोलत होते, रोगनिदानवाले काचपट्ट्यांशी बोलत होते, आणि दोघांचे एकमेकांशी बोलणे नव्हते. ग्रीसमधील मिसोलोंघी गावात लिकूदिस नावाचा साधा वैद्य १९५८ पासून व्रणाच्या रोग्यांना जंतुनाशके देत होता. त्याला शाबासकी मिळाली नाही. १९६८ साली त्याला दंड झाला.

ही कोंडी ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाला पर्थ येथे फुटली. तेथील रुग्णालयातील रोगनिदानतज्ज्ञ रॉबिन वॉरन यांना १९७९ च्या जून महिन्यात जठराच्या तुकड्यावर पिळदार जंतूंचा थर दिसला. त्यांनी चांदीचा रंग दिला आणि खात्री करून घेतली. दोन वर्षे ते एकटेच पाहत राहिले. १९८१ साली बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. जंतू काचबशीत वाढत नव्हता. दोन दिवसांत काही उगवले नाही की बश्या टाकून दिल्या जात. १९८२ च्या एप्रिलमध्ये ईस्टरची सुट्टी लागून आली, बश्या पाच दिवस तशाच उबदार पेटीत राहिल्या, आणि सुट्टीनंतर पाहतात तो जंतूंच्या वसाहती उगवलेल्या! हा जंतू सावकाश वाढणारा होता, आणि शास्त्रज्ञांनी त्याला आजवर वेळच दिला नव्हता. पुढे १९८९ साली त्याचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी असे ठरले.

अम्लात जंतू जगूच शकत नाही अशी ज्यांची ठाम समजूत होती त्यांना हे पटेना. तेव्हा १९८४ च्या मध्यास मार्शल यांनी स्वतःच जंतूंनी भरलेले द्रावण पिऊन टाकले. आठवड्याभरात त्यांना मळमळ व ओकाऱ्या सुरू झाल्या, श्वासाला दुर्गंधी येऊ लागली. दहाव्या दिवशी नळी घालून पाहिले तो जठराला सूज आलेली आणि तेथे जंतू हजर. महाराष्ट्रातील वाचकांस येथे डॉ. हाफकिन यांचे स्मरण झाल्याविना राहणार नाही. मुंबईत प्लेगचा कहर चालू असता १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. अशा प्रयोगाने सिद्धान्त पुरता सिद्ध होत नाही, आणि मार्शल यांनाही त्यातून व्रण झाला नव्हता, फक्त सूज आली होती. पण त्यामुळे जगाचे लक्ष वेधले गेले. १९९४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरविलेल्या तज्ज्ञसभेने व्रणाच्या रोग्यांत हा जंतू आढळल्यास जंतुनाशके द्यावीत असे सांगितले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने जठराच्या कर्करोगाच्या निश्चित कारणांत त्याची गणना केली. आणि २००५ साली वॉरन व मार्शल यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

आता श्वासाच्या परीक्षेचे मर्म पाहू. ते समजण्यास शेतकऱ्याला आमच्या व्याख्यानाची फारशी गरज नाही. गोठ्यात सकाळी जो डोळ्यांत झोंबणारा उग्र वास येतो तो कशाचा? गुरांच्या मुतात युरिया असतो. जमिनीतले जंतू त्याचे विघटन करतात, आणि अमोनिया वायू सुटतो. पोत्यातला युरिया बाजरीला टाकला की मातीत तेच घडते. हे काम करणारे किण्व म्हणजेच युरिएझ. आपल्या अबईच्या जातीच्या एका शेंगेच्या दाण्यातून समनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२६ साली त्याचे स्फटिक मिळविले. कोणत्याही किण्वाचे मिळालेले ते पहिले स्फटिक होत, आणि त्याबद्दल समनर यांस १९४६ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

जठरातील हा जंतू अम्लात तग धरतो तो याच युक्तीने. आपल्या शरीरात थोडा युरिया नेहमीच असतो. जंतू त्याचे विघटन करून आपल्याभोवती अमोनियाचे कवच निर्माण करतो. अमोनिया अम्लाला मारतो आणि जंतू त्या आडोशाला सुखाने राहतो. परंतु युरिया फुटला की अमोनियाबरोबर कार्बन डायऑक्साइडही निघतो. तो जठराच्या भिंतीतून रक्तात जातो, रक्तातून फुप्फुसात, आणि फुप्फुसातून श्वासावाटे बाहेर. ज्या किण्वाने जंतूला लपविले तेच किण्व त्याची चहाडी करते.

अडचण एवढीच की, श्वासात कार्बन डायऑक्साइड सर्वांच्याच असतो. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकून ती दुधाळ झालेली आपण पाहिलीच आहे. जंतूने सोडलेला वायू वेगळा ओळखावा कसा? त्यासाठी युरियातील कार्बनवर खूण करतात. निसर्गात शंभरांत सुमारे एक कार्बन अणू किंचित जड असतो. त्याला कार्बन-१३ म्हणतात. तो किरणोत्सर्गी नाही, संपूर्ण निरुपद्रवी आहे. रोग्याला उपाशी पोटी जड कार्बनचा थोडासा युरिया, साधारण ७५ ते १०० मिलिग्रॅम, पाण्यातून पाजतात. पाजण्यापूर्वी एकदा आणि अर्ध्या तासाने पुन्हा एकदा पिशवीत श्वास सोडायला सांगतात. दुसऱ्या श्वासात जड कार्बनचे प्रमाण वाढलेले दिसले तर जठरात जंतू आहे. न वाढल्यास युरिया अभंग राहिला, म्हणजे तो फोडणारा तेथे कोणी नाही. १९८७ साली अमेरिकेतील ग्रॅहॅम व क्लाइन यांच्या गटाने ही परीक्षा प्रसिद्ध केली. त्याच सुमारास कार्बन-१४ हा किरणोत्सर्गी कार्बन वापरूनही ती करण्यात आली. मार्शल यांनी स्वतः आयव्हन सर्व्हेयर यांच्यासह १९८८ साली तिचे वर्णन केले आहे. त्यातील किरणोत्सर्ग फार अल्प, निसर्गातून आपल्याला सुमारे एका दिवसात मिळतो तेवढाच असतो. तरीही गर्भवतींना व मुलांना ती परीक्षा देत नाहीत, त्यांच्यासाठी कार्बन-१३ च वापरतात.

१९५४ सालच्या त्या मांजरांच्या प्रयोगातच या परीक्षेचे बीज होते हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. खुणेचा युरिया होता, जंतुनाशके होती, निष्कर्षही होता. तो निष्कर्ष माणसाच्या पोटदुखीपर्यंत पोहोचायला तीस वर्षे लागली. मधल्या काळात किती जठरे कापली गेली याचा हिशोब कोण देणार?

नळीची तपासणी असताना ही परीक्षा हवी कशाला, असा प्रश्न येथे कोणी विचारील. त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, नळीने घेतलेला तुकडा तांदळाच्या दाण्याहून लहान असतो, आणि जंतू जठरभर सारखा पसरलेला असतोच असे नाही. श्वास मात्र संपूर्ण जठराची साक्ष देतो. दुसरे अधिक महत्त्वाचे. औषधे घेतल्यानंतर जंतू गेला की नाही हे पाहण्यासाठी पुन्हा नळी घालून घेणारा माणूस विरळा. रक्ताच्या तपासणीचा येथे उपयोग नाही, कारण जंतू मेल्यावरही रक्तातील त्याच्या खुणा पुष्कळ काळ टिकतात. श्वासाची परीक्षा 'आज' काय आहे ते सांगते. विष्ठेची एक तपासणीही हेच काम करते, आणि जेथे श्वास मोजण्याचे यंत्र नाही तेथे ती उपयोगी पडते.

परंतु साक्षीदाराला धाकात ठेवले तर तो खोटे बोलतो, तशी गत या परीक्षेचीही होते. आपल्याकडे औषधाच्या दुकानात जाऊन चिठ्ठीवाचून 'पित्ताची गोळी' आणण्याची सर्रास चाल आहे. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गोळ्यांनी अम्ल कमी होते आणि जंतूही दबून बसतो, मरत मात्र नाही. अशा स्थितीत परीक्षा केली तर जंतू असूनही 'नाही' असे उत्तर येऊ शकते. म्हणून या गोळ्या दोन आठवडे, आणि जंतुनाशके चार आठवडे अगोदरपासून बंद हवीत. मात्र त्या कधी व कशा बंद कराव्या हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. तसेच काळी विष्ठा होणे, रक्ताची ओकारी, कारणावाचून वजन घटणे, घास अडकणे, ही लक्षणे असतील किंवा उतारवयात पोटदुखी नव्यानेच सुरू झाली असेल, तर श्वासावर विसंबून चालत नाही. तेथे नळीच घातली पाहिजे. श्वास जंतू ओळखतो. व्रण किंवा कर्करोग ओळखणे हे त्याचे काम नव्हे.

जंतू आढळला म्हणजे घाबरून जाण्याचेही कारण नाही. जगातील जवळजवळ निम्म्या माणसांच्या जठरात तो असतो. भारतात तर प्रौढांपैकी बहुसंख्यांच्या. त्यांतील थोड्यांनाच, ढोबळ मानाने दहांतील एखाद्यालाच, आयुष्यात कधी व्रण होतो. हा जंतू आपला फार जुना सोबती आहे. माणूस सुमारे ६०,००० वर्षांपूर्वी आफ्रिकेतून बाहेर पडला तेव्हा तो त्याच्या पोटात होता, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासावरून दिसते. आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या जठरातही २०१६ साली त्याचे अवशेष ओळखण्यात आले. येथेच डॉ. मल्होत्रा आणि टोव्ही यांची निरीक्षणे पुन्हा उभी राहतात. उत्तरेत काय आणि दक्षिणेत काय, जंतूचा प्रसार थोडाफार सारखाच असताना व्रणाचे प्रमाण मात्र वेगवेगळे होते. बी सर्वत्र पडले तरी पीक जमिनीप्रमाणे येते. अन्न, तंबाखू, सांधेदुखीच्या गोळ्या, जंतूची जात आणि माणसाची घडण यांचा हिशोब जंतूच्या बरोबरीने मांडावा लागतो.

आता राळेगणसिद्धीकडे येऊ. नगरपासून सुमारे ४० किलोमीटरवर, पर्जन्यछायेत वसलेले हे गाव. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास गावात पिण्याच्या पाण्याचेही हाल होते. शेती पिकत नव्हती आणि दारूच्या भट्ट्या चालत होत्या. १९७५ साली सैन्यातून निवृत्त होऊन किसन बाबूराव हजारे गावी परतले आणि गावकऱ्यांच्या श्रमदानातून पाणलोटाचे काम उभे राहिले. नाले बांधले, पाझर तलाव दुरुस्त केले, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली, दारू हटविली; विहिरींना पाणी आले. या कामाची अन्य अंगे सर्वांस परिचित आहेत. आम्हांस त्याच्याकडे पोटाच्या रोगाच्या दृष्टीने पाहावयाचे आहे.

हा जंतू माणसाला लागतो तो बहुधा लहानपणीच, आणि तोही घरातल्या घरात: तोंडातून तोंडात, किंवा विष्ठेतून हाताला, पाण्याला आणि अन्नाला लागून. जेथे एका खोलीत सात माणसे निजतात, जेथे पाण्याची घागर लांबून आणावी लागल्यामुळे हात धुण्यावर काटकसर होते, जेथे शौचाला उघड्यावर जावे लागते, तेथे तो एका पिढीकडून दुसरीकडे वारसाहक्काने जातो. जपानचे उदाहरण पाहावे. महायुद्धापूर्वी जन्मलेल्या जपानी माणसांत बहुसंख्यांना हा जंतू होता. त्यांच्या नातवंडांत तो थोड्यांनाच आढळतो. ही घट औषधांनी सुरू झाली नाही. घरे, नळाचे पाणी आणि मलनिःसारण सुधारत गेले, आणि जंतूची पिढीजात वाट तुटली. पारनेरच्या माळावर नाला अडवून विहिरीला पाणी आणणारा गडी पर्थच्या प्रयोगशाळेचे नावही ऐकून नव्हता. पण घरात पुरेसे पाणी येणे ही पोटाच्या सर्वच जंतूंविरुद्धची पहिली आणि टिकाऊ उपाययोजना आहे. ती गावाने स्वतःच्या हातांनी केली, यात तिचे मोल आहे.

पण पाणी आले म्हणजे सर्व झाले असे नव्हे. आज पन्नाशी-साठी ओलांडलेली पिढी दुष्काळातच वाढलेली आहे. त्यांच्यापैकी ज्याला व्रण असेल त्याने काय करावे? रात्री दुखणे उठले की खायच्या सोड्याची चिमूट, दिवसा दुकानातली गोळी, आणि सांधे दुखतात म्हणून आणखी एक गोळी, जी व्रणाला अधिकच खणते, असाच बहुतेकांचा क्रम असतो. श्वासाची परीक्षा नगर, पुण्यासारख्या शहरांतल्या मोठ्या दवाखान्यांपलीकडे फारशी पोहोचलेली नाही. वस्तुतः हीच परीक्षा खेड्याला सर्वांत सोयीची. रोग्याला झोपवावे लागत नाही, टोचावे लागत नाही, आणि पिशवीत भरलेला श्वास दुसऱ्या गावच्या यंत्रापर्यंत पाठविता येतो. कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस राष्ट्रीय मूलभूत विज्ञान केंद्रात डॉ. माणिक प्रधान यांच्या गटाने श्वासातील पाण्याच्या वाफेतील जड हायड्रोजनवरून हा जंतू ओळखण्याची रीत शोधली आहे. आपल्याच देशात घडणाऱ्या अशा उपकरणांचा पहिला मान तालुक्याच्या दवाखान्यांना मिळाला पाहिजे, अशी मागणी नागरिकांनी करावयास हवी.

याच्या जोडीला एक कर्तव्य रोग्याचेही आहे. या जंतूवर अम्ल कमी करणाऱ्या गोळीबरोबर दोन किंवा तीन औषधे साधारण १४ दिवस घ्यावी लागतात. चौथ्या दिवशी जळजळ थांबली म्हणून पुढच्या गोळ्या ताकात बुडविणारे आपल्यात पुष्कळ आहेत. अर्धवट मारलेला जंतू औषधाला सरावतो. भारतात मेट्रोनिडॅझोल या औषधाला तो मोठ्या प्रमाणावर दाद देईनासा झाला आहे, आणि क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणारा हा जंतू २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने नव्या औषधांची तातडीने गरज असलेल्या जंतूंच्या यादीत घातला. म्हणून औषध पुरे घ्यावे, आणि ते संपल्यानंतर चार आठवड्यांनी श्वासाची परीक्षा करून शत्रू गेल्याची खात्री करून घ्यावी.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तो एका पेशाचे ज्ञान दुसऱ्या पेशाच्या आणि सामान्य माणसाच्या कानी पडावे म्हणून. ज्या शंभर वर्षांचा इतिहास आम्ही सांगितला त्यात ज्ञानाची वाण नव्हती. जंतू पाहणारा होता, किण्व शोधणारा होता, खुणेचा युरिया देणारा होता, जंतुनाशके वापरून पाहणारा खेड्यातला वैद्यही होता. ते एका सभेत कधी बसले नाहीत, आणि त्याचे मोल पोटदुखीने तळमळणाऱ्या माणसाने भरले. आज ज्ञान एकत्र आले आहे. ते गावापर्यंत जायचे राहिले आहे. तोवर आमची विनंती एवढीच की, आपल्या घरात कोणी महिनोन्‌महिने 'पित्ताने' बेजार असेल तर त्याच्या स्वभावाची, मिरचीची आणि चहाची उलटतपासणी थोडी थांबवावी, आणि त्याला डॉक्टरांकडे नेऊन विचारावे, "यांची जंतूची परीक्षा झाली आहे काय?"